फाटकापाशी उभा प्रेक्षक : अभिजात भारतीय चित्रपटातील आगगाडी आणि नगरचा लोहमार्ग

पडद्यावर आगगाडी दिसली की ‘आधुनिकता’ हा शब्द उच्चारून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडील चित्रपट-समीक्षेला जडलेली एक जुनी सवय आहे. बैलगाडी म्हणजे परंपरा, आगगाडी म्हणजे आधुनिकता. खेडे म्हणजे स्थितिशीलता, रूळ म्हणजे गती. अशा जोड्या एकदा लावल्या की दृश्याचे वाचन पूर्ण झाले असे मानले जाते. साहित्यसमीक्षेतील प्रतीकशोधाची पद्धत चित्रपटाला जशीच्या तशी लावल्याचा हा परिणाम होय. कवितेतील प्रतीक शब्दात असते आणि शब्दाला उभे राहण्याची जागा लागत नाही. चित्रपटातील आगगाडी मात्र नेहमी कोठून तरी पाहिलेली असते. शेतातून, फाटकातून, फलाटावरून, डब्याच्या खिडकीतून, टपावरून किंवा पुलावरून. ही पाहण्याची जागा बदलली की त्याच गाडीचा अर्थ बदलतो. ती वगळून केलेले प्रतीकवाचन वरवर अचूक वाटले तरी चित्रपटाच्या आशयापर्यंत पोहोचत नाही.

हा मुद्दा तपासण्यासाठी येथे एक कसोटी वापरली आहे. ती चित्रपटातील नाही, भूगोलातील आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून ईशान्येकडे जाणारा फाटा आणि पुण्यावरून आग्नेयेकडे जाणारा फाटा, या दोहोंना जोडणारा तो दुवा होता. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा मार्ग उत्तर-दक्षिण असा चिरत जातो. कोपरगाव, पुणतांबे, राहुरी, वांबोरी, नगर, अकोळनेर, विसापूर, बेलवंडी, काष्टी ही त्यावरील काही स्थानके. गंमत अशी की मार्गाच्या नावात जिल्ह्यातील एकही गाव नाही. दौंड पुणे जिल्ह्यात, मनमाड नाशिक जिल्ह्यात. दोन्ही जंक्शने जिल्ह्याच्या शिवेबाहेर आणि मधला सगळा प्रदेश म्हणजे केवळ ओलांडायचे अंतर. श्रीरामपूरचे उदाहरण याहून बोलके आहे. रेल्वे आणि ऊस यांच्या आधाराने जे शहर वाढले त्याच्या स्थानकाचे नाव मात्र जवळच्या जुन्या बेलापूर गावाचे राहिले. रेल्वेच्या नकाशाला गावे लागतात ती खुणा म्हणून. गावांच्या आकांक्षेशी त्याला फारसे कर्तव्य नसते.

या मार्गाच्या उभारणीला १८७६-७८ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. दुष्काळी काम म्हणून या मार्गाच्या भरावावर माती टाकली गेली. ज्यांच्या शेतात काही पिकले नाही त्यांनी पोटासाठी घातलेला हा भराव. त्यावरून पुढे धान्य येणार होते आणि जाणारही होते. भारतीय रेल्वेच्या इतिहासातील हा दुहेरीपणा चित्रपटातील आगगाडी वाचताना ध्यानात ठेवावा लागतो, कारण ‘प्रगतीचे प्रतीक’ या शब्दप्रयोगात तो पुसला जातो.

रेल्वे आणि चित्रपट यांचे नाते जन्मापासूनचे आहे, हे सर्वपरिचित विधान. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, त्यांत आगगाडीच्या आगमनाचे चित्रण होते. पडद्यावरची गाडी अंगावर येते आहे असे वाटून पॅरिसचे प्रेक्षक पळाले, ही दंतकथा चित्रपटाच्या इतिहासकारांनी बऱ्याच अंशी निकालात काढली आहे. मुंबईच्या संदर्भात ती मुळातच निरर्थक ठरते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, त्याला १८९६ मध्ये त्रेचाळीस वर्षे झाली होती. वॉटसनमधील प्रेक्षकाला आगगाडी नवी नव्हती, तिचे चित्र नवे होते. पाहणारा हलणार नाही आणि गाडी मात्र येत राहील, ही स्थिती नवी होती. त्या चित्रणात कॅमेरा फलाटावर आहे, म्हणजे ज्याला गाडीत चढता येईल अशा माणसाच्या जागी. पुढील सगळ्या रेल्वे-दृश्यांचा मूलाधार ही जागा बनली. तिला छेद देणारी दृश्येच येथे विशेष विचारात घ्यायची आहेत.

वोल्फगांग शिवेलबुश यांनी रेल्वेप्रवासाच्या सांस्कृतिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१९७७) एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. घोडागाडीतील प्रवाशाला रस्त्याकडेचे झाड, विहीर, माणूस जवळून दिसत असे. आगगाडीच्या वेगाने ही जवळची पट्टी धूसर झाली; दूरचे डोंगर तेवढे स्थिर राहिले आणि निसर्ग एका सरकत्या देखाव्यात रूपांतरित झाला. प्रवाशाची अग्रभूमी हरवली, असे त्यांचे प्रतिपादन थोडक्यात मांडता येईल. हे प्रतिपादन मोलाचे असले तरी ते सर्वस्वी डब्यातून केलेले आहे. विसापूरच्या माळावर ज्वारी राखणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न उलटा होतो. प्रवाशाची जी अग्रभूमी हरवली ती अग्रभूमी म्हणजे हा माणूसच होय. त्याला गाडी स्वच्छ दिसते, गाडीतल्याला तो दिसत नाही. पाहणे एकतर्फी होते. भारतीय चित्रपटातील उत्तम रेल्वे-दृश्ये या एकतर्फीपणाशी झगडताना दिसतात.

‘पथेर पांचाली’तील (१९५५) काशफुलांचे दृश्य इतके उद्धृत झाले आहे की त्याकडे नव्याने पाहणे अवघड व्हावे. तरीही मूळ कादंबरीशी तुलना केल्यास एक गोष्ट ठळक होते. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीत दुर्गा आगगाडी पाहतच नाही. भावंडे रूळ शोधायला एकदा निघतात, पण पोहोचत नाहीत; आणि मरणापूर्वी तिच्या मनात राहून गेलेली इच्छा आगगाडी पाहण्याचीच असते. सत्यजित राय यांनी भावंडांना गाडीपर्यंत नेले. कादंबरीनिष्ठ वाचकाला हा फेरफार सवंग वाटू शकेल, कारण न पाहिलेल्या गाडीची वेदना पाहिलेल्या गाडीने हलकी होते. राय यांनी मात्र ती वेदना वेगळ्या मार्गाने राखली आहे. तारेच्या खांबाला कान लावून दुर्गा आधी गाडीचा जणू आवाज ऐकते. धावताना ती मागे राहते. रुळांजवळ पोहोचतो तो अपू. आणि मग कॅमेरा अनपेक्षितपणे रुळांच्या पलीकडे जातो. धडधडत्या चाकांच्या फटींतून अलीकडचा मुलगा तुकड्यातुकड्यांनी दिसतो. फलाटही नाही आणि खिडकीही नाही, अशी ही तिसरी जागा आहे. प्रवाशाच्या दृष्टीने जी अग्रभूमी धूसर झाली असती ती येथे पार्श्वभूमीला जाऊनही दृश्याचा केंद्रबिंदू होते. ‘आधुनिकतेचे प्रथम दर्शन’ असे या दृश्याचे वर्णन वारंवार झाले आहे. ते चूक नाही, अपुरे आहे. गाडी अपूला पाहत नाही आणि कॅमेरा पाहतो, हा भेद त्या वर्णनात सापडत नाही.

त्रयीच्या पुढील दोन भागांत गाडी क्रमाक्रमाने जवळ येते आणि तिचे अप्रूप सरते. ‘अपराजितो’त (१९५६) ती क्षितिजावरून जाते, आणि शहरात शिकणारा मुलगा तिच्यातून उतरेल म्हणून आई वाट पाहत राहते. येथे गाडी पाहण्याची वस्तू न राहता वेळ मोजण्याचे साधन झाली आहे. ‘अपुर संसार’मध्ये (१९५९) अपूचे बिऱ्हाडच रेल्वेच्या यार्डालगत आहे. शिट्टीने कान किटतात. रुळांवर मरायला निघालेल्या अपूऐवजी एक डुक्कर चिरडले जाते. काशफुलांतून दिसलेली गाडी आणि डुक्कर चिरडणारी गाडी एकच आहे. तिला एकच प्रतीकार्थ चिकटवणाऱ्याने या दोन दृश्यांचे काय करायचे? ऋत्विक घटक यांच्या ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) रूळ पद्मेच्या काठी अडसरापाशी संपतात आणि कॅमेरा त्यावरून धावत जाऊन अंधारात आदळतो. तेथे तर गाडीच नाही. फाळणीने तोडलेला नुसता मार्ग आहे आणि त्या मार्गाचे तुटणे हाच सारा आशय आहे.

या चर्चेत राय आणि घटक यांच्यापूर्वीचा एक चित्रपट सहसा बाजूला ठेवला जातो. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ (१९३६). फ्रान्झ ऑस्टन यांचे दिग्दर्शन, निरंजन पाल यांची कथा, देविका राणी आणि अशोक कुमार यांच्या भूमिका. त्याची दखल घेतली जाते ती अस्पृश्यतेवरील आरंभीचा सुधारणावादी बोलपट म्हणून. कस्तुरीचा बाप रेल्वेच्या फाटकावर नोकरीला आहे, हा तपशील कथासूत्र सांगताना एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः चित्रपटाची सगळी रचना या फाटकावर उभी आहे. कथेच्या चौकटीत मोटारीतून येणारे एक जोडपे रात्री फाटकापाशी अडते आणि तेथेच त्यांना कस्तुरीची कथा कळते. म्हणजे वाहनात बसलेल्यांना थांबवल्याखेरीज ही कथा सांगताच येत नाही. वेगात असलेल्या माणसाला अग्रभूमी दिसत नाही, हे शिवेलबुश यांचे निरीक्षण येथे त्यांच्या ग्रंथापूर्वी एकेचाळीस वर्षे कथनतंत्र म्हणून वापरले गेले आहे.

फाटकाची जागा सामाजिक अर्थानेही नेमकी निवडलेली आहे. फाटकवाल्याचे घर गावात नसते आणि गावाबाहेरच्या वस्तीतही नसते. ते रेल्वेच्या हद्दीत असते. गावाने ज्याला शिवेबाहेर ठेवले त्याला सरकारी नोकरीने रुळांच्या कडेला एक अधिकार दिला आहे. फाटक बंद करण्याचा. सावकाराची गाडी असो वा ब्राह्मण दुकानदाराची, त्याने दांडी पाडली की थांबावे लागते. हा अधिकार जातीने दिलेला नाही आणि तो जातीला उलथवूही शकत नाही. फाटकापलीकडे पाऊल टाकले की गाव पुन्हा सुरू होते.

येथे डॉ. आंबेडकरांच्या बालपणातील मसूर स्थानकावरच्या प्रसंगाचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले आगगाडीने मसूरला उतरली. स्टेशनमास्तरने प्रथम आपुलकीने विचारपूस केली आणि जात कळताच त्याची वृत्ती पालटली. भाड्याची बैलगाडी मिळणेही दुरापास्त झाले. हा प्रसंग आंबेडकरांनी स्वतः नोंदवलेला आहे. त्यातील अवकाशरचना पाहण्याजोगी आहे. डब्यात तिकीट पुरेसे होते. फलाटावर, म्हणजे रेल्वे आणि गाव यांच्या सांध्यावर, जात विचारली गेली. बैलगाडीपाशी ती निर्णायक ठरली. बाख्तीन यांनी कादंबरीतील उंबरठ्याला काल आणि अवकाश यांच्या एकत्र येण्याचे एक विशिष्ट रूप मानले. भारतीय संदर्भात तो उंबरठा घराच्या दारापेक्षाही फलाटावर आणि फाटकावर अधिक तीव्र होतो, असे म्हणायला हा प्रसंग आधार देतो. ‘अछूत कन्या’चा शेवट याच उंबरठ्यावर घडतो. प्रताप आणि मनू फाटकात झुंजत आहेत, बैलगाडी रुळांवर आहे, गाडी येत आहे. तिला थांबवण्यासाठी कस्तुरी तिच्या दिशेने धावते आणि चिरडली जाते. काहींनी या गाडीला नियती म्हटले आहे. ते पटण्यासारखे नाही. नियती निवड करते, आगगाडी वेळापत्रक पाळते. बैलगाडीचा काळ आणि रेल्वेचा काळ एकमेकांना छेदतात त्या बिंदूवर कोण उभे असेल, हे मात्र समाजाने आधीच ठरवलेले असते. चित्रपट हे शब्दांत सांगत नाही. उलट कस्तुरीच्या आत्मत्यागाचे उदात्तीकरण करून तो सवर्ण प्रेक्षकाला हळहळण्याची सोय करून देतो, ही त्याची मर्यादा आहे. तिच्यासह तो आपल्या रेल्वे-चित्रपटांतील एक मूलगामी चित्रपट ठरतो.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९३६ मध्ये, वाडिया मूव्हिटोनचा ‘मिस फ्रंटियर मेल’ प्रदर्शित झाला. शीर्षकातील फ्रंटियर मेल ही बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची १९२८ पासून धावणारी प्रतिष्ठित गाडी. येथे नादिया धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. विद्यापीठीय समीक्षेने असल्या चित्रपटांकडे नाक मुरडले ते कशासाठी, हे कळायला मार्ग नाही. एकाच वर्षी एक स्त्री गाडीच्या टपावर आहे आणि दुसरी चाकांखाली. पहिली परदेशी रक्ताची असल्याने तिला रुळांच्या दुनियेत मोकळीक आहे आणि दुसरी फाटकवाल्याची मुलगी आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून वाचले तरच १९३६ च्या प्रेक्षकाच्या कल्पनेतील आगगाडी पुरती उलगडते.

आता डब्याच्या आतल्या बाजूकडे वळू. राय यांचा ‘नायक’ (१९६६) जवळजवळ पूर्णपणे गाडीत घडतो आणि ती गाडी कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेली होती. याच चंद्रगुप्त यांचा सहभाग असलेला ‘२७ डाउन’ (१९७४) नेमका उलट टोकाला आहे. अवतार कृष्ण कौल यांचा हा पहिला आणि शेवटचा चित्रपट; १९७४ च्या जुलैत त्यांचा बुडून मृत्यू झाला. रमेश बक्षी यांच्या ‘अठारह सूरज के पौधे’ या हिंदी कादंबरीवर तो आधारलेला आहे. ए. के. बीर या अगदी तरुण छायालेखकाने खऱ्या गाड्यांत, खऱ्या फलाटांवर, बहुतांशी हाती धरलेल्या कॅमेऱ्याने तो कृष्णधवलात टिपला.

सत्तावीस डाउन ही मुंबईहून वाराणसीला जाणारी गाडी. ‘डाउन’ म्हणजे मुंबईपासून दूर. तिला इगतपुरी ओलांडल्यावर मनमाड लागते, म्हणजे नगरच्या मार्गाचे उत्तरेकडील टोक तिने गाठलेले असते; नगरकडे मात्र ती वळत नाही. शीर्षकातील क्रमांक आज अस्तित्वात नाही. गाड्यांचे क्रमांक आधी चार आकडी आणि डिसेंबर २०१० पासून पाच आकडी झाले. ‘अप’ आणि ‘डाउन’ जोडून गाडीचे नाव घेण्याची बोलीही हळूहळू विरली. चित्रपटाच्या शीर्षकात अशी एक संपूर्ण भाषा गोठून राहिली आहे.

संजय (एम. के. रैना) चित्रकलेचे शिक्षण सोडून तिकीट तपासनीस होतो, कारण इंजिन-ड्रायव्हर असलेल्या बापाची तशी इच्छा आहे. लोकलमध्ये त्याला शालिनी (राखी) भेटते. बाप त्याचे लग्न दुसरीशी लावून देतो. तो गाड्यांतच राहू लागतो. कथानक एवढेच आहे. हिंदी समीक्षेने त्याला ‘परात्मभावाचा’ चित्रपट म्हटले, आणि नवकथेच्या परिभाषेत ते सोयीचेही होते. परंतु परात्मभाव हा शब्द येथे पुन्हा तेच करतो, जे ‘आधुनिकता’ हा शब्द अन्यत्र करतो. तो विशिष्टाला सामान्यात विरघळवतो. संजय हा कोणी एक एकाकी तरुण नाही; तो रेल्वेचा नोकर आहे. प्रवासी गाडीत बसतो तो कोठे तरी उतरण्यासाठी. तिकीट तपासनीस गाडीत असतो ते त्याचे कामाचे ठिकाण म्हणून. इतरांच्या जाण्याची वैधता तपासणे हे त्याचे काम आणि त्याला स्वतःला कोठेही जायचे नाही. फाटकवाला गाडीबाहेर स्थिर आहे, तपासनीस गाडीच्या आत स्थिर आहे. शिवेलबुश यांच्या प्रवाशाला निदान सरकता देखावा मिळतो. संजयला खिडकीबाहेर पाहण्याचेही प्रयोजन उरलेले नाही.

या चित्रपटातील व्हिक्टोरिया टर्मिनसचे दृश्य स्वतंत्र विचाराला पात्र आहे. उंचावरून दिसणारा, जवळजवळ मोकळा फलाट. गाडी आत येते. ती पुरती थांबण्याआधीच दारांतून माणसे उड्या टाकू लागतात आणि काही क्षणांत फलाट माणसांनी भरून जातो. छेद न देता हे घडते. ल्युमिएर बंधूंच्या चित्रणाला दिलेले ते भारतीय उत्तर आहे, असे विधान धाडसाचे वाटले तरी टाळण्यासारखे नाही. तेथे गाडी आली आणि उतरणारी माणसे एकेक करून ओळखता आली. येथे गाडीतून समूह बाहेर पडतो आणि कोणीच ओळखता येत नाही. कॅमेरा फलाट सोडून वर गेला आहे. संजय त्या गर्दीत असला काय आणि नसला काय, दृश्य तेच राहील, आणि चित्रपटाचे दुःख नेमके हेच आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांना हिंदी चित्रपटांनी प्रेमकथेचे नेपथ्य बनवले, तेही कधी कधी मोठ्या गोडव्याने. कौल यांनी तो गोडवा नाकारला नाही, त्याची किंमत दाखवली.

‘शोले’तील (१९७५) मालगाडीवरील दरोडा पनवेल-उरण मार्गावर चित्रित झाला. त्याच्या कौशल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवणे पुरे, की तेथे गाडी हे पाश्चात्त्य ‘वेस्टर्न’पटांकडून घेतलेले रणांगण आहे आणि तिचा भारतीय रेल्वेशी संबंध इंजिनापुरता आहे.

अधिक गंभीर आक्षेप घ्यावा लागतो तो रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’वर (१९८२). दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर गांधी आगगाडीने देश पाहतात, असा एक दीर्घ दृश्यक्रम त्यात आहे. खिडकीतून नद्या, शेते, माणसे दिसत जातात आणि भारताचा शोध लागतो. दृश्ये सुंदर आहेत आणि तेच त्यांच्यातील वैगुण्य आहे. कारण ही दृष्टी गांधींची नाही. ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) रेल्वेवर स्वतंत्र प्रकरण आहे, रोगराईचा फैलाव, धान्याचा ओघ बाजाराकडे वळल्याने वाढलेला दुष्काळ आणि परकीय सत्तेची घट्ट झालेली पकड यांचा दोष गांधी तेथे रेल्वेला देतात. १९१७ मध्ये त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले ते डब्यातील घाण, कोंडमारा आणि उतारूंना मिळणारी वागणूक यांविषयी. म्हणजे गांधींचे लक्ष डब्याच्या आत आहे, चित्रपटाचे लक्ष खिडकीबाहेर. सरकता देखावा पाहणारा जो प्रवासी शिवेलबुश यांनी एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात शोधला, तो ॲटनबरो यांनी पंचा नेसवून भारताच्या तिसऱ्या वर्गात बसवला. रेल्वेचा टीकाकार रेल्वेचाच पर्यटक झाला.

या खिडकीच्या विरुद्ध ठेवण्याजोगी एक गाडी इतिहासात आहे आणि ती नगरला येऊन थांबली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि एका विशेष गाडीतून हलवण्यात आले. गांधींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले गेले. कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात पोहोचले. आपल्याला कोठे नेले जात आहे, हे त्यांना आधी सांगितलेले नव्हते. मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रांत या अटकेचे आणि प्रवासाचे चित्रण आहे. याच किल्ल्यात १९४४ मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आणि त्यावर आधारित श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका १९८८ पासून दूरदर्शनवर दाखवली गेली. चित्रपटाने रूढ केलेल्या कल्पनेप्रमाणे भारताचा शोध आगगाडीच्या खिडकीतून लागतो. येथे मात्र तो गाडीतून उतरवल्यावर, हालचाल थांबल्यावर, भिंतीआड लागला. नगर हे स्थानक निवडले गेले ते मुख्य मार्गांपासून आडबाजूला आणि तरीही रुळांनी पोहोचता येईल असे होते म्हणून, असा तर्क करता येतो. दोन जंक्शनांमधील प्रदेश सत्तेला कशासाठी उपयोगी पडतो, याचे हे एक उदाहरण ठरेल.

आता राहतो मराठी चित्रपटाचा प्रश्न. बंगाली आणि हिंदी चित्रपटांनी आगगाडीला जेवढे स्थान दिले तेवढे मराठी ग्रामीण चित्रपटाने दिले नाही. रेल्वे उपलब्ध नव्हती, हे कारण टिकत नाही. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच पोहोचली होती. प्रभात कंपनी तेथे १९२९ मध्ये स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली, म्हणजे रेल्वेच्या एका शहरातून दुसऱ्या शहरात. कारण अन्यत्र शोधावे लागेल, आणि ते पुन्हा नगरपाशी सापडते. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी धावली. (मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ही १ जूनलाच, १९३० मध्ये, सुरू झाली होती. तारखांचा हा मेळ अर्थपूर्ण मानण्याचे कारण नाही, पण दोन वाहनांमधील वर्गभेद मनात आणून देतो.) नगर आणि पुणे ही दोन्ही रेल्वेची शहरे. तरीही त्यांच्यातील सरळ वाट रेल्वेने कधी घेतली नव्हती. दौंडचा वळसा होता. पहिल्या बसने ही सरळ वाट घेतली.

मराठी खेड्याच्या कल्पनेत घर सोडण्याचे आणि घरी परतण्याचे वाहन ‘यष्टी’ झाले ते यामुळे. यष्टी फाट्यावर थांबते, हात केला तर कधी कधी मध्येच थांबते. कंडक्टरला गावातली माणसे तोंडओळखीने ठाऊक असतात. काचेतून रस्त्याकडेची विहीर आणि तिच्यावरची बाई नीट दिसते, आणि त्या बाईलाही आत कोण बसले आहे ते दिसते. आगगाडीने हिरावलेली अग्रभूमी यष्टीने परत दिली आणि पाहणे पुन्हा दुतर्फी झाले. ग्रामीण कथाकारांना आणि त्यांच्या मागोमाग चित्रपटांना जे माणसांचे निकट, बोलके विश्व हवे होते त्याला ही दुतर्फी दृष्टी सोयीची होती. पण सोयीचीही किंमत असते. ज्या एकतर्फीपणाशी झगडून ‘पथेर पांचाली’तील चाकांमागचा मुलगा किंवा ‘अछूत कन्या’तील फाटक शक्य झाले, त्या झगड्याची गरजच मराठी चित्रपटाला भासली नाही. आपल्याला न पाहता निघून जाणाऱ्या वस्तूकडे पाहत राहण्याचा अनुभव त्याच्या हातून निसटला. कवितेत तो निसटला नाही. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’चा (१९७६) शेवट देवळात होत नाही, रेल्वे स्थानकावर होतो, आणि तेथे पुढची गाडी केव्हा येणार हे सांगणारे कोणी नाही.

नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली; त्यातील नगर ते आष्टी हा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला २३ सप्टेंबर २०२२ रोजी. मधली सत्तावीस वर्षे त्या गावांनी भराव, मोऱ्या आणि पुलांचे खांब पाहत काढली, गाडीवाचून. विषय आयता आहे. दुर्गेच्या वाट्याला कादंबरीत जी स्थिती आली ती येथे एका अख्ख्या टापूच्या वाट्याला आली, आणि १८७८ च्या मार्गाच्या नावात जे नव्हते ते या मार्गाच्या नावात आहे. आरंभीच नगर.